परक्या प्रांतातील विद्यार्थी आणि आपला उंबरठा

(सुवर्णमहोत्सवी समारंभानिमित्त कळंब येथे दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षे एखादी संस्था टिकवणे ही सोपी गोष्ट नाही. त्याबद्दल विश्वस्तांचे अभिनंदन करून मी थेट विषयाकडे वळतो. आपण मला विषय निवडण्याची मोकळीक दिली. शिक्षणावर बोलावे एवढीच अपेक्षा होती. शिक्षणाचे महत्त्व सांगण्याची आता या गावात गरज उरलेली नाही. प्रत्येक घरातून एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्याला, मुंबईला, हैदराबादला, बंगळुरूला शिकते आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा रेल्वेमार्ग सुरू झाला. वर्धा हे मुंबई–हावडा मार्गावरील स्थानक. म्हणजे कळंबच्या फलाटावरून निघालेला मुलगा वर्ध्याला पोहोचला की देशाच्या कोणत्याही टोकाला जाऊ शकतो, आणि तेवढ्याच सहजतेने देशाच्या दुसऱ्या टोकाचा मुलगा आपल्या जिल्ह्यात येऊ शकतो. म्हणूनच मी आज एका साध्या प्रश्नावर बोलणार आहे. आपल्यापेक्षा वेगळी भाषा, वेगळे अन्न, वेगळ्या रीती असलेल्या प्रदेशातील महाविद्यालयात गेलेला विद्यार्थी तिथे सामावतो कसा, आणि काही जण सामावल्यावाचून परत का येतात?

आरंभ माझ्यापासून करतो. १९७२ च्या जून महिन्यात मी एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आईने दिलेली जवसाच्या चटणीची बरणी घेऊन कळंबहून एस.टी.ने वर्ध्याला आणि तिथून रेल्वेने पुण्याला गेलो. पुणे हे परके नव्हे, आपल्याच राज्यातील, आपल्याच भाषेचे शहर, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या आठवड्यातच गळून पडली. महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिकाने विचारले, “अर्ज झाला का?” मी म्हणालो, “भरून राहिलो.” आजूबाजूची मुले हसली. मंडईत जाऊन मी भाजीवालीकडे सांबार मागितला. ती म्हणाली, “बाळा, तो हॉटेलात मिळतो.” आपण ज्याला सांबार म्हणतो, त्याला तिकडे कोथिंबीर म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. फल्ली, आलू, पोट्टे, वावर, एकेक शब्द माझ्या तोंडून निघायचा आणि खोलीत हशा पिकायचा. खाणावळीतल्या आमटीत गूळ असे. तो घास घशाखाली उतरेना.

आज मागे वळून पाहताना त्या हसण्यामागे दुष्टपणा होता असे मला वाटत नाही. त्यामागे अज्ञान होते. आपला वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, पुढे इंग्रजांच्या हाती गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला. कित्येक पिढ्या आपला व्यवहार नागपूरकडे आणि हिंदी मुलखाकडे होता. “जाऊन राहिलो” ही आपली क्रियापदाची घडण हिंदीतील “जा रहा हूँ”ला जवळची आहे, ती त्या शेजारातून घडलेली आहे. ती चूक नव्हे, इतिहास आहे. परंतु सतरा वर्षांच्या मुलाला इतिहास ठाऊक नसतो. त्याला एवढेच कळते की मी बोललो की लोक हसतात.

मग मी काय केले? मी बोलणे बंद केले. पहिले दोन महिने वर्गात मी एकही प्रश्न विचारला नाही. रात्री अंथरुणात पडून पुणेरी वाक्ये मनात घोकली. दिवाळीला घरी आलो तेव्हा आईशी त्याच भाषेत बोलू लागलो. आईने हातातले पोळपाट बाजूला ठेवले आणि म्हणाली, “काऊन रे, पाहुण्यावाणी बोलून राहिला?” त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. एका ठिकाणी सामावण्यासाठी मी दुसऱ्या ठिकाणी परका होऊन आलो होतो.

दिवाळीनंतर वसतिगृहात मला नवा खोलीसोबती मिळाला. तो रत्नागिरीकडचा. त्याचेही पुण्यात हसे झालेले. त्याने पहिल्याच आठवड्यात एक मोठा कागद भिंतीवर चिकटवला, मध्ये रेघ मारली आणि म्हणाला, “तुझे शब्द डावीकडे, माझे उजवीकडे.” रोज रात्री आम्ही दोन-चार शब्द लिहीत असू. महिन्याभरात इतर खोल्यांतील मुलेही येऊन आपले शब्द लिहू लागली. सोलापूरचा आला, खानदेशचा आला, आणि शेवटी पुण्यातलाही आला. माझ्या बाजूने मी पुष्कळ प्रयत्न केले होते, पण मी खऱ्या अर्थाने तिथला झालो तो दुसऱ्या कोणी तरी “तुझे काय आहे ते सांग” असे विचारल्यावर.

बंधू-भगिनींनो, आज मला एवढेच सांगायचे आहे. आपण सामावण्याची सगळी जबाबदारी येणाऱ्यावर टाकतो. “जिथे जाशील तिथले होऊन राहा,” असे सांगून मुलाला गाडीत बसवतो. ते खरेच आहे, पण अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे ज्याच्या घरी तो जातो त्याच्याकडे असते.

इतिहासातील दोन उदाहरणे आपणा सर्वांना परिचित आहेत, पण या बाजूने ती क्वचित पाहिली जातात.

पहिले डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली. निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे स्पष्ट सांगितले. तिथल्या थंडीत नऊवारी नेसणे कठीण झाले तेव्हा त्यांनी नेसण्याची पद्धत बदलून गुजराती पद्धत स्वीकारली. साडी मात्र सोडली नाही. आहाराचा नियमही त्यांनी सोडला नाही. कोणती गोष्ट बदलायची आणि कोणती राखायची, हा विवेक त्या वयात त्यांच्यापाशी होता.

परंतु या कथेत आणखी एक स्त्री आहे. रोझेल नावाच्या लहान गावातील श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी मदत मागितली होती. त्यांना धर्मांतराचा सल्ला देणारे पुष्कळ होते. या बाईंनी तसे काही न विचारता पत्र लिहिले, पुढे आनंदीबाईंना आपल्या घरी उतरवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आनंदीबाईंचे धैर्य असामान्य होते, हे निर्विवाद. पण त्या धैर्याला टेकायला एक उंबरठा मिळाला होता. तरीही थंडी, आहाराची आबाळ आणि क्षयरोग यांनी त्यांचे शरीर खचले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने अमेरिकेत आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. परक्या प्रदेशात शिकण्याची किंमत किती मोठी असू शकते हेही या चरित्रातून विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. जुलै १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले अन्न मानवेना म्हणून काही दिवसांतच ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहू लागले. इतका मोठा प्रज्ञावंत, पण त्यालाही आधी राहण्याची जागा दोनदा बदलावी लागली. भथेनांशी जडलेला स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले तेव्हा भथेनांनी त्यांना रक्कम उसनी दिली. भारतात ज्यांना शेजारी बसू दिले जात नव्हते, त्यांना परदेशात खोलीसोबती मिळाला, ही गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

आता आपल्या राज्याकडे येतो. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार हे वसतिगृहाचे रेक्टरही होते. एके दिवशी त्यांना मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीपाशी एक मुलगी उभी दिसली. नियमभंग समजून ते तिकडे गेले. पाहतात तो काय, आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता, आणि त्याच्याच देशाची ती मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती. परक्या शहरात त्याची विचारपूस करणारे दुसरे कोणी नव्हते. पाहिलेल्या दृश्याने ते अस्वस्थ झाले आणि परदेशी विद्यार्थ्यांना आधार मिळावा या हेतूने १९७१ मध्ये त्यांनी सिंबायोसिसचे कार्य सुरू केले. आज ते मोठे विद्यापीठ म्हणून आपल्याला माहीत आहे. त्याच्या मुळाशी मात्र एक आजारी मुलगा आणि खिडकीतून दिलेला डबा आहे.

आपल्या समाजानेही ही गरज फार पूर्वी ओळखली होती. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. गावोगावची मुले तिथे राहून शिकली. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि कंदमुळांवाचून स्वयंपाक या दोन गोष्टींसाठी मुलाचे शिक्षण अडू नये, ही त्यामागची दृष्टी होती. ज्या वसतिगृहात रात्री आठ वाजता पहिली पंगत बसते, तिथे चौविहार पाळणाऱ्या मुलाची काय अवस्था होते हे इथे बसलेल्या अनेक मातांना ठाऊक आहे. म्हणून अशा वसतिगृहांचे ऋण मोठे आहे.

तथापि एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. आपले वसतिगृह हा पूल असला पाहिजे. त्याची भिंत होऊ नये. मुलगा पुण्यात चार वर्षे राहिला, पण आपल्याच गावच्या, आपल्याच समाजाच्या मुलांत राहून परत आला, तर तो पुण्याला गेला असे म्हणता येणार नाही. याच महाराष्ट्रात, १८८७ मध्ये कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ते शिक्षण वर्गात मिळणाऱ्या शिक्षणाहून कमी नव्हते.

आता आपल्या जिल्ह्याविषयी बोलणे भाग आहे. त्यातील एक गोष्ट अभिमानाची आहे, एक दुःखाची.

अभिमानाची गोष्ट अशी. बुलडाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे हा शेतकरी कुटुंबातील तरुण पदवी शिक्षणासाठी पुण्यात गेला, पण तिथे निभाव न लागल्याने त्याला परतावे लागले. मुक्त विद्यापीठातून त्याने पदवी घेतली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकला आणि २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेला. त्यापूर्वीच, २०१७ मध्ये, त्याने यवतमाळ जिल्ह्यात ‘एकलव्य’ हे काम सुरू केले होते. घराण्यात प्रथमच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना देशातील नामवंत संस्थांत प्रवेश कसा घ्यावा आणि तिथे कसे टिकावे याचे मार्गदर्शन हे काम करते. स्वतः ज्या उंबरठ्यावर अडखळलो, तिथे दुसऱ्यासाठी दिवा लावून ठेवणे यापरते समाजकार्य कोणते?

दुःखाची गोष्टही आपल्याच जिल्ह्यातली आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे आपले जवान हुतात्मा झाले. साऱ्या देशाला शोक झाला, संताप आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत यवतमाळ शहरात शिकणाऱ्या काही काश्मिरी विद्यार्थ्यांना काही तरुणांनी गाठून मारहाण केली. त्याची चित्रफीत देशभर पसरली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. २२ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांना काश्मिरी विद्यार्थ्यांचे संरक्षण करण्याचे आदेश दिले. ती मुले आपल्याकडे शिकायला आली होती. जम्मू-काश्मीरच्या मुलांनी उर्वरित देशात शिकावे म्हणून केंद्र सरकारने २०११-१२ पासून विशेष शिष्यवृत्ती योजना सुरू केली, तिच्यात वर्षाला पाच हजार जागा ठेवल्या. पुण्यातील ‘सरहद’सारखी संस्था अनेक वर्षे काश्मिरी मुलांच्या शिक्षणासाठी झटते आहे. एकीकडे एवढे प्रयत्न, आणि दुसरीकडे एका रात्रीत त्यांच्यावर फिरवलेले पाणी. मारणारे थोडे होते. परंतु त्या मुलांना नावाने ओळखणारे, त्यांच्या खोलीवर जाऊन चहा घेतलेले शेजारी जर शंभर असते, तर ते थोडे पुढे सरसावले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो.

स्वतःला विचारतो, कारण या बाबतीत मीही निर्दोष नाही. इथवर मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता स्वतःची एक सांगतो. ती मी आजवर कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी मी विदर्भातील एका महाविद्यालयात शिकवत होतो आणि वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडे होती. त्या वर्षी ईशान्येकडील एका डोंगराळ राज्यातून एक मुलगा आला. अभ्यासात चांगला, स्वभावाने शांत. मुलांनी त्याला चेहऱ्यावरून एक नाव पाडले आणि सारे वसतिगृह त्याला त्याच नावाने हाक मारू लागले. ते नाव मी ऐकले होते. मुले आहेत, चालायचेच, असे मी मनाशी म्हणालो. जेवणाच्या खोलीत तो कोपऱ्यात एकटा बसून नुसता वरणभात खात असे. तेही मी पाहिले होते. ऑक्टोबरमध्ये तो माझ्याकडे महाविद्यालय सोडण्याचा अर्ज घेऊन आला. कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ असे लिहिले होते. मी वाचले, सही केली आणि “गाडी कितीची आहे?” एवढे विचारले.

तो गेल्यावर शिपायाने खोली रिकामी केली आणि एक वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिच्या शेवटच्या पानांवर त्या मुलाने रोमन लिपीत मराठी शब्द लिहून ठेवले होते, समोर त्यांचे अर्थ. ‘थोडे’, ‘पुरे’, ‘उद्या’, ‘माफ करा’. दोन पाने भरली होती. तो त्याच्या वाट्याचे अर्धे काम मुकाट्याने करीत होता. उरलेले अर्धे काम माझे होते. रत्नागिरीच्या मुलाने माझ्यासाठी भिंतीवर कागद चिकटवला होता, आणि मी याच्यासाठी साधे त्याचे नाव विचारून चारचौघांत ते मोठ्याने उच्चारलेही नाही. ती वही मी पोस्टाने त्याच्या पत्त्यावर पाठवली, सोबत पत्रही लिहिले. उत्तर आले नाही. उत्तर मागण्याचा अधिकार मला नव्हता.

पुढे जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याची त्याच्या दिसण्यावरून टवाळी झाली, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली, त्याच वर्षी तिचा अहवाल आला. ती बातमी वाचताना मला ते पाडलेले नाव आठवले. थट्टेचा आरंभ आणि तिचा शेवट यांत किती कमी अंतर असते, हे तेव्हा उमगले.

आज या बाबतीत कायदाही स्पष्ट झाला आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी नियम केले आणि २०१६ मध्ये त्यांत दुरुस्ती करून वंश, धर्म, जात, प्रादेशिक मूळ, भाषा, रूप किंवा आर्थिक स्थिती यांवरून एखाद्या विद्यार्थ्याला छळणे, इतकेच नव्हे तर त्याला वगळून एकटे पाडणे, हेही रॅगिंगच्या व्याख्येत आणले. म्हणजे कोपऱ्यात एकटे जेवायला लावणे हासुद्धा अपराध होऊ शकतो. १८००-१८०-५५२२ हा त्यासाठीचा देशव्यापी विनामूल्य क्रमांक आहे. बाहेर निघालेल्या प्रत्येक मुलाच्या वहीत तो लिहून द्यावा. पण कायदा मार थांबवू शकतो, शेजारी बसवू शकत नाही. ते काम माणसांचे आहे.

म्हणून समारोपाकडे येताना तिघांना तीन गोष्टी सांगतो.

बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनो, पहिल्या महिन्यात तिथल्या भाषेतील निदान शंभर शब्द शिका, चुकत शिका. आपला आहाराचा नियम लाजून लपवू नका आणि दुसऱ्यावर लादूही नका. पहिल्याच आठवड्यात खाणावळीच्या व्यवस्थापकाला स्पष्टपणे सांगा की माझा डबा सायंकाळी लवकर काढून ठेवावा. बहुतेक ठिकाणी तो ठेवला जातो. विचारले नाही म्हणून पुष्कळ मुले उपाशी राहतात. आणि आपल्या ताटाचा मान राखला जावा असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नये. त्याच्या ताटातील पदार्थ आपण खाणार नाही, पण त्याच्या शेजारी बसून आपले जेवण निश्चित करू शकतो. अनेकान्ताची शिकवण आपण प्रवचनात ऐकतो, तिची परीक्षा वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत होते.

पालकांनो, फोनवर “जेवलास का? पैसे आहेत का?” एवढेच विचारू नका. “शेजारच्या खोलीत कोण राहतो? तो कुठला?” हेही विचारा. महिनाभर याचे उत्तर आले नाही तर मुलगा एकटा आहे असे समजा आणि गाडी पकडून एकदा जाऊन या. आणि तो परत आला तर त्याला हरलेला म्हणू नका. कधी कधी मुलगा कमी पडलेला नसतो, तिथले घर कमी पडलेले असते.

विश्वस्त बंधूंनो आणि ग्रामस्थहो, शेवटची गोष्ट आपल्यासाठी. कळंब-यवतमाळच्या महाविद्यालयांत, दवाखान्यांत, बँकांत आता परप्रांतातील तरुण येणार आहेत. घर भाड्याने देताना आपल्या स्वयंपाकघराचे नियम सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु त्याचा चेहरा किंवा त्याचे गाव ऐकून दार लावून घेण्याचा नाही. माझी विनंती छोटी आहे. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून या संस्थेने दरवर्षी जुलैमध्ये एक संध्याकाळ ठरवावी. तालुक्यात बाहेरून शिकायला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी आपल्या पंक्तीला बोलवावे, त्याचे नाव त्याच्याकडून नीट शिकून घ्यावे आणि त्याला एका कुटुंबाचा पत्ता द्यावा, जिथे तो आजारी पडला तर जाऊ शकेल. याला मोठा निधी लागत नाही.

आपल्या गावच्या श्री चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाला पायऱ्या उतरून खाली जावे लागते, मग तो कितीही मोठा असो. परक्या माणसाला भेटायलाही अशाच चार पायऱ्या उतराव्या लागतात. माझ्यासाठी एका खोलीसोबत्याने त्या उतरल्या होत्या. मी मात्र एका मुलासाठी उतरलो नाही. आपण उतराल, असा मला विश्वास वाटतो.